अलॉय रिम फुटपाथला लागली, आता हवा उतरते किंवा स्टिअरिंग थरथरतं: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

लक्षणं आधी लिहितो, म्हणजे तुमच्या गाडीला यातलं नेमकं काय होतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. मी गोव्यात डिचोलीला टायर-व्हीलचं काम करतो आणि पाऊस सुरू झाला की आमच्याकडे फुटपाथला, डिव्हायडरला नाहीतर गटाराच्या सिमेंटच्या कडेला लागलेल्या अलॉयची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या रिमची, रांगच लागते. त्यातल्या कितीतरी दुसऱ्यांदा आलेल्या असतात, म्हणजे मागच्या वर्षी कुठेतरी रिम रंगवून घेतली, छान चकचकीत दिसत होती, आणि एक पावसाळा गेला की तीच रिम पापुद्रे सोडतेय किंवा हवा सोडतेय. ते परत परत का होतं हेच मुख्य लिहायचंय.

तर लक्षणं अशी:

- बाहेरच्या कडेवर ओरखडे, धातू उघडा, हात फिरवला तर खरखरीत लागतो, बाकी गाडी नीट चालते.
- एकाच चाकाची हवा आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरते आणि पंक्चर काही सापडत नाही.
- ७०-८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, किंवा स्टिअरिंग शांत पण सीट थरथरते.
- सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं, किंवा गाडी एका बाजूला ओढते.
- टायरच्या साइडवॉलवर फुगा आलाय.
- रंगाखाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या वाकड्यातिकड्या रेषा, मग रंग फुगतो आणि सुटतो.

फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर बहुतेक वेळा ते रिमचं नसतं, ब्रेक डिस्कचं असतं, त्यासाठी रिमवर खर्च करू नका.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रिम लागण्याचे दोन प्रकार. एक म्हणजे पार्किंग करताना हळू घासते, पणजीत अठरा जून रस्त्यावर किंवा मडगावच्या बाजारात गाडी लावताना होतं तसं. यात बाहेरची कड खरवडते, दिसायला वाईट दिसतं, जीव हळहळतो, पण रिमच्या ताकदीला सहसा काही होत नाही. दुसरा प्रकार वेगात आपटण्याचा. रस्त्यावर पाणी भरलंय, डिव्हायडरचं टोक दिसलंच नाही, किंवा डांबराची कड तुटून खालचा चिऱ्याचा दगड वर आलाय आणि चाक त्यावर चढलं. यात बाहेरून कदाचित एक रेघसुद्धा दिसणार नाही. टायर दबतो आणि दणका रिमच्या आतल्या कडेला बसतो, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या बाजूला. बाहेरच्या बाजूला स्पोकचा (मधून कडेपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचा) आधार आहे, आतल्या बाजूला नाही, म्हणून ती आधी वाकते आणि तडाही आधी तिथेच जातो. लोक ओरखडा दाखवतात आणि विचारतात हा जाईल का. जाईल. पण मला काळजी त्या आतल्या बाजूची असते जी कोणी बघितलेलीच नसते.

पहिलं, फुकटचं: टायर बघा

रिमच्या आधी टायर. आपटलेल्या चाकाच्या साइडवॉलवर हात फिरवा, बाहेरून आणि जमेल तेवढा आतूनही. फुगा लागला म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्या आणि हवेला आता फक्त वरचं रबर अडवतंय. यावर पॅच नाही, ट्यूब घालूनही उपयोग नाही. फुगा दिसला किंवा कापलेल्या जागेतून दोरे दिसायला लागले की तिथेच थांबा, स्टेपनी लावा आणि टायर बदला. अशा टायरवर चोर्ला घाट चढायचा विचारसुद्धा करू नका. फुगा अर्धा इंच असो नाहीतर दोन इंच, उत्तर तेच आहे, त्यामुळे तो किती मोठा आहे यावर घासाघीस नको.

स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिच्यावर स्टिकर असतो, ताशी ८० च्या वर जायचं नाही. तो स्टिकर खरोखर पाळा.

दुसरं, तेही फुकट: मोबाइलची टॉर्च घेऊन आतली बाजू

पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मागून रिमची आतली कड दिसते. मागच्या चाकाला वाकून बघावं लागतं. गाडी थोडी थोडी पुढे घेत पूर्ण फेरा बघा, कारण तडा नेमका खाली जमिनीकडच्या भागात असू शकतो. काय शोधायचं: कड एका ठिकाणी चपटी झालीय का, केसासारखी बारीक रेष आहे का, रेषेच्या आजूबाजूला काळपट ओलसर धूळ चिकटलीय का. आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. ब्रेकची धूळ इतकी घट्ट बसलेली असते की तिच्याखाली तडा सहज लपतो.

रेष दिसली पण ओरखडा की तडा कळत नाही, तर नखाने बघा, आणि तरी शंका राहिली तर लाल पेनेट्रंटचा स्प्रे असणाऱ्याकडे न्या. तो लाल द्रव लावतात, पुसतात, वर पांढरा डेव्हलपर मारतात, आणि तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चांगल्या वेल्डिंगवाल्यांकडे हा स्प्रे असतो. फार खर्चाचं काम नाही आणि मनातली शंका संपते.

तडा निघाला तर हा लेख तुमच्यासाठी इथे संपला असं समजा, थेट खाली बदलण्याच्या भागाकडे जा.

हवा उतरते: साबणपाणी

एका महिन्यात एक-दोन पीएसआय कमी होणं सगळ्या टायरना होतं. आठवड्याला चार-पाच म्हणजे गळती आहे. आधी सगळ्यात स्वस्त जागा, व्हॉल्व्ह. टोपी काढा, तोंडावर थुंकी किंवा साबणपाण्याचा थेंब लावा, बुडबुडा आला तर आतली व्हॉल्व्हची पिन बदलायची, काही रुपयांचं काम. मग व्हॉल्व्हच्या मुळाशी बघा, तिथलं रबर उन्हाने चिरतं. घासताना व्हॉल्व्ह वाकलेलाही असू शकतो. ज्या गाड्यांना हवेचा सेन्सर आहे त्यांचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा धातूचा असतो, तो आपल्या खाऱ्या हवेत मुळाशी गंजतो, त्याला पकडीने पिळू नका, सेन्सर महाग आहे.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर चाकात ३५ पीएसआय हवा भरा, भांडी घासायचा साबण पाण्यात ढवळा आणि रिम आणि टायर जिथे भेटतात त्या पूर्ण गोलावर ब्रशने लावा. दोन्ही बाजूंनी. घाई करू नका, बारीक गळतीचा फेस यायला दोन-तीन मिनिटं लागतात. बाहेरच्या बाजूला काहीच नाही म्हणून लोक इथे सोडून देतात, पण आतली बाजू बघायला चाक काढावंच लागतं. पंक्चरवाल्याकडे पाण्याचं टाकं असतं, त्यात पूर्ण चाक बुडवलं की दहा मिनिटांत निकाल.

फेस बीडपाशी, म्हणजे टायरची कड रिमवर बसते तिथे आला, तर दोन शक्यता. रिम तिथे वाकलीय, किंवा तिथे गंज धरलाय. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते, आणि ती भुकटी टायरला रिमवर घट्ट बसू देत नाही. गोव्यात हे मी खूप बघतो. वास्को, कळंगुट, काणकोण अशा समुद्राकाठच्या गाड्या, आणि रोज फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडीला जाणाऱ्या गाड्या, त्यांचं चाक धक्क्याच्या उतारावर खाऱ्या पाण्यातून जातं आणि नंतर कोणी धुवत नाही. एका ओरखड्याने लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, फुटलं की मीठ तिथून आत शिरतं आणि रंगाखालून सरकत सरकत बीडपर्यंत पोचतं. त्या पांढऱ्या दोऱ्यासारख्या रेषा म्हणजे मिठाचा तो प्रवासच आहे.

यावर उपाय असा: टायर उतरवायचा, बीडची जागा नायलॉनच्या स्कॉचब्राइटने किंवा बारीक पॉलिश पेपरने साफ करायची, भुकटी पूर्ण जाईपर्यंत, मग पुसून, पूर्ण सुकवून बीड सीलर (फट बंद करणारा लेप) लावायचा आणि टायर चढवायचा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू देऊ नका. त्याचे लोखंडाचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि ओलावा मिळाला की त्याच जागी पुन्हा गंज धरतो. काही ठिकाणी फक्त वरवर खरवडून जाड सीलर फासतात, दोन महिने गळती थांबते आणि परत सुरू. काम चालू असताना तिथे उभं राहिलात तरी चालेल, मला तर गिऱ्हाईक उभं असलेलं आवडतं.

थरथर: आधी चाकं बदलून बघा

स्टिअरिंग थरथरतं तर दोष बहुतेक पुढच्या चाकात, सीट थरथरते तर मागच्या. खात्रीसाठी आपटलेलं चाक पुढून मागे लावा (चारही टायरचा साइज एकच असेल तरच, आणि एका दिशेनेच फिरणारा टायर असेल तर त्याच बाजूला ठेवा) आणि नेहमीच्या रस्त्यावर चालवून बघा. थरथर स्टिअरिंगमधून सीटमध्ये गेली म्हणजे चोर सापडला. जॅक आणि पाना सोडून याला काही लागत नाही आणि उगाच चारही चाकांच्या कामाचं बिल वाचतं.

मग बॅलन्सिंग. आपटल्यावर रिमवरचं चिकटवलेलं वजन निघून पडलेलं असतं आणि तेवढ्यानेच थरथर येते, असं बऱ्याचदा होतं. आत चिखलाचा गोळा सुकून बसला असेल तरीही येते, खाणपट्ट्यात, डिचोली-साखळी-उसगाव बाजूला लाल चिखल स्पोकच्या मागे असा बसतो की हातोडीच्या दांड्याने सुटत नाही, म्हणून आधी आतून धुवा मग बॅलन्सिंगला न्या.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरत असताना तुम्ही स्वतः रिमची कड बघा, टायर नव्हे. कड वरखाली किंवा आतबाहेर नाचताना दिसली तर रिम वाकलीय. वाकलेल्या रिमवर वजनं लावून मशीनचा आकडा शून्य येतो, पण रस्त्यावर थरथर राहते कारण चाक गोलच नाही. एका चाकाला वजनांची रांगच्या रांग लावायला लागले तर थांबवा आणि विचारा रिम सरळ आहे का.

मशीन जवळ नसेल तर घरी असं बघा: गाडी सपाट घट्ट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड. पुढचं चाक उचलणार तर गिअर न्यूट्रल, नाहीतर फिरणार नाही. मागचं उचलणार तर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला, कारण तो मागच्या चाकांनाच धरतो, आणि पुढच्या दोन्ही चाकांना दगड पक्के. चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल एवढंच उचला. मग शेजारी चिरा किंवा वीट ठेवून त्यावर पेन्सिल अशी टेकवा की टोक रिमच्या कडेपासून दोन मिलिमीटर लांब राहील. चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त होते ती डोळ्यांना दिसते. साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फरक बऱ्याच गाड्या सोसतात, त्याहून जास्त असेल तर दुकानात डायल गेज लावून मोजून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक सेकंदही नाही.

बाहेरून घेतलेली मॅग व्हील, म्हणजे बाजारातली अलॉय, असतील आणि नवी असल्यापासूनच थरथरत असेल तर रिमच्या मधल्या भोकाकडे बघा. स्विफ्ट, बलेनोच्या हबला (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसतं त्याला) ५४.१ मिलिमीटरचं भोक लागतं, बाजारातल्या रिमना ते मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना बसते. मधली फट भरायला हब रिंग लागते, प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. ती नसेल किंवा टायर बदलताना हरवली असेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही.

गाडी ओढते, स्टिअरिंग वाकडं

अलाइनमेंट करून घ्या, पण त्याआधी खालची लोखंडं बघायला सांगा: टाय रॉड, लोअर आर्म, स्ट्रट. वाकलेल्या पार्टवर अलाइनमेंट होतच नाही किंवा झाली तरी टिकत नाही. वेगाबरोबर वाढणारा घुं असा आवाज असेल तर बेअरिंग गेलं असेल. इथे घरगुती काही नाही, हे मेस्त्रीचंच काम, आणि स्टिअरिंगला ढिलाई किंवा कटकट जाणवत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, उचलून न्या.

आता ओरखडा

वरचं सगळं ठीक निघालं आणि फक्त बाहेरची कड खरवडलीय, तर घरी करता येतं. पण आधी रिम कुठल्या प्रकारची ते बघा. उन्हात धरून बघितलं की चकचकीत भागावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसत असतील तर ती डायमंड कट आहे, लेथवर धातू तासून वर फक्त पारदर्शक लॅकर मारलेलं. तिला घरी हात लावू नका. चंदेरी रंगाने ती जागा कधीच जुळत नाही. ती परत सीएनसी लेथवरच कापावी लागते, आणि दर वेळी धातूचा थर जातो म्हणून हे फार वेळा करता येत नाही, एक-दोनदा झालं की मग पूर्ण रिम रंगवून घेणं हाच शहाणपणा. माझं प्रामाणिक मत सांगतो: समुद्राजवळ राहणाऱ्याने डायमंड कट परत कापून घेण्यापेक्षा एकदाच पूर्ण पावडर कोटिंग करावं, जास्त टिकतं. आपल्या औद्योगिक वसाहतींत खिडक्या-ग्रिलचं पावडर कोटिंग करणारे आहेत, पण रिमचा अनुभव असलेलाच शोधा, बीडची जागा आणि नटाची जागा झाकून कोटिंग करतो का ते विचारा. नटाच्या बुडाखाली जाड कोटिंग राहिलं तर ते दबतं आणि नट ढिले होतात.

रंगवलेली साधी रिम असेल तर क्रम असा. चाक काढा, शाम्पूने धुवा, डिग्रीझर किंवा थिनरने पुसा. आधी घासून मग पुसलं तर तेल आणि टायर पॉलिशचं सिलिकॉन धातूत घासलं जातं आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग २४० नंबरच्या पेपरने उठलेले काटे उतरवा, ओरखड्याच्या आसपासचा निम्मा सुटलेला रंगही काढा, अगदी घट्ट रंग लागेपर्यंत मागे मागे जा. रिम परत येते ती याच जागेमुळे. लोक फक्त ओरखडा घासतात आणि शेजारी रंगाखाली गेलेलं मीठ तसंच झाकून टाकतात, वरून कितीही भारी रंग मारा, तो खालून सुटतोच. पांढरी रेष जिथपर्यंत गेलीय त्याच्याही पुढे अर्धा इंच खरवडा. मग गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा.

खड्डा असेल तर पुट्टी, पण फक्त दिसण्यापुरती, बाहेरच्या कडेला, मिलिमीटरभर. बीडच्या बाजूला किंवा तड्यावर पुट्टी अजिबात नाही. तड्यावर पुट्टी भरून रंगवलेल्या रिम मी बघितल्यात, बाहेरून नवीकोरी दिसते आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो. जुनी गाडी घेताना म्हणूनच चारही रिम आतून बघा.

४००, मग ८०० नंबरचा पेपर, आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमला एच प्राइमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा. साधा प्राइमर अ‍ॅल्युमिनियमला नीट धरत नाही. घासल्यावर प्राइमर त्याच बसणीत मारा, उद्यावर ठेवू नका, उघड्या धातूवर लगेच ऑक्साइडचा थर यायला लागतो. मग रंगाचे पातळ दोन-तीन हात आणि वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर. हार्डनर घातलेलं टू-के क्लिअर जास्त टिकतं, पण त्याची वाफ फुप्फुसांना वाईट असते, साधा कापडी मास्क चालत नाही, कॅनवाला (गाळणीचे डबे लावलेला) रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल तर ते पेंटरलाच मारू द्या.

आणि जून ते सप्टेंबर हे काम करू नका. हवेत एवढा ओलावा असतो की लॅकर दुधाळ होतं आणि खाली पाणी अडकतं. चवथीला गाडी चकाचक हवी म्हणून श्रावणात घाईने रिम रंगवून घेतात, त्यांचीच दिवाळीपर्यंत सोलते. पावसात घासली तर तेवढ्यापुरतं धुवून, सुकवून त्या जागी क्लिअरचा एक हात लावून ठेवा म्हणजे मीठ-पाणी आत जाणार नाही, आणि खरं काम नोव्हेंबरनंतर.

वाकलेली रिम सरळ करणं आणि कुठे थांबायचं

आतली कड थोडी चपटी झालीय, तडा नाही, स्पोक सरळ आहेत, तर हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करून मिळते. मोठ्या हातोड्याने ठोकून नाही. रिम ओतीव असते, ती लोखंडी रिमसारखी मऊपणे परत येत नाही, ठोकताना तडकते. आणि गॅसची ज्योत लावून नाही. कारण सांगतो. बहुतेक कारच्या अलॉय अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, मॅग्नेशियमच्या मिश्रणाच्या असतात आणि कारखान्यात त्यांना साधारण ५४० अंशांवर तापवून, पाण्यात विझवून, मग दीडशे-एकशे साठ अंशांच्या आसपास काही तास ठेवून ताकद आणलेली असते. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांची असते पण वेळ थोडा, तेवढं चालतं. गॅसच्या ज्योतीखाली धातू त्याच्या कितीतरी वर जातो आणि ती कमावलेली ताकद त्या जागेपुरती जाते. वर अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते करणाऱ्यालाही दिसत नाही.

तड्याला आर्गन वेल्डिंग करून देणारे आहेत, बऱ्यापैकी स्वस्तात. मी करून देत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. वेल्डच्या शेजारची पट्टी त्या उष्णतेने मऊ पडते आणि पुढचा तडा तिथून निघतो. अनमोडच्या उतारावर भरलेली गाडी, मागे मुलं बसलेली, तेव्हा चाकावर काय भरोसा आहे एवढाच विचार करा. स्पोकला किंवा नटाच्या जागेजवळ तडा असेल, स्पोक वाकला असेल, किंवा कडेचा तुकडाच उडाला असेल तर ती रिम भंगारातच, आणि भंगारात देताना कापून द्या म्हणजे कोणी पुट्टी भरून पुन्हा विकणार नाही.

बदलायची असेल तर

कंपनीचीच एक रिम स्पेअर काउंटरवर मागवता येते, जुनी सोबत न्या. बाहेरची घेणार तर नटांचं अंतर (नटांच्या गोलाचा व्यास) जुळलं की बसली असं नाही. स्विफ्ट, बलेनो, आय२० ला चार नट आणि १०० मिलिमीटर, क्रेटा, ब्रेझाला पाच नट आणि ११४.३, हे तर जुळायलाच हवं, शिवाय रुंदी, ऑफसेट (हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते), मधलं भोक आणि वजन पेलण्याचा आकडा, हे सगळं रिमच्या मागे कोरलेलं असतं. आयएस १६१९२ (रिमचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण शोधा. काहीच कोरलेलं नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडा. नटही बघा, रिमच्या भोकाला जसा उतार तसाच नटाला हवा, लोखंडी रिमचे नट प्रत्येक अलॉयला चालतात असं नाही.

वारंवार लागत असेल तर एक इंच खाली येण्याचा विचार करा. बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर१६ टायर येतो, त्याची साइडवॉल १०७ मिलिमीटर. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर१५, साइडवॉल १२० मिलिमीटर. दोन्हींची पूर्ण उंची जवळपास सारखीच, साधारण ६२१ मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही आणि रिमला तेरा मिलिमीटर जास्त रबराचं संरक्षण मिळतं. आपल्या रस्त्यांना हा फरक खरंच जाणवतो. हवाही ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा, कमी हवेत टायर लगेच दबतो आणि दणका सरळ रिमला.

विम्याचं थोडक्यात. आपटून रिम गेली तर फुल इन्शुरन्समध्ये क्लेम होतो, पण फक्त टायरचं नुकसान झालं आणि गाडीला बाकी काही नाही तर साध्या पॉलिसीत टायरचं मिळत नाही, आणि गाडीबरोबर टायर गेला तर टायरच्या किमतीचा निम्माच. टायर-रिमचं वेगळं अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी. एका रिमसाठी क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस बघा, तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो, ५० वर असाल तर एका रिमसाठी तो घालवणं बहुतेक वेळा तोट्याचं.

काम झाल्यावर

नट हाताने पूर्ण बसवून मग समोरासमोर क्रमाने आवळायचे, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क पान्याने. नुसत्या एअर गनने कचकचीत आवळले तर नटाची जागा चिरते आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यात तुमच्या पान्याने ते सुटतही नाहीत. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा टॉर्क बघा, नव्या रंगावर नट थोडे बसतात. धुताना अ‍ॅसिडचं क्लीनर नको, साधा कार शाम्पू, आणि चाकं गरम असताना नाही. फेरीबोटीने जा-ये असेल तर आठवड्यातून एकदा चाकांच्या आतल्या बाजूला गोड्या पाण्याचा पाइप मारा. आठवड्याने, गाडी सकाळी थंड असताना हवा मोजा, आणि दोन पीएसआयपेक्षा जास्त उतरली असेल तर ज्याने बीडचं काम केलं त्याच्याकडेच गाडी परत नेऊन त्याच्यासमोर चाक पाण्यात बुडवून घ्या.